स्क्रूच्या आट्यांवरचा अर्धा मायक्रॉन: टायटॅनियमवरील नॅनोनलिकांच्या थराचा प्रकरण अभ्यास

मांडीच्या किंवा नडगीच्या मोडलेल्या हाडावर प्लेट बसवताना वापरला जाणारा ४.५ मिलिमीटर व्यासाचा कॉर्टिकल, म्हणजे हाडाच्या बाहेरच्या कठीण भागात धरणारा, स्क्रू हा या अभ्यासाचा विषय आहे. तो ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या टायटॅनियम मिश्रधातूचा आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोनलिकांचा, म्हणजे अतिसूक्ष्म उभ्या नळ्यांचा, सुमारे अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर वाढवलेला आहे. हाड अशा पृष्ठभागाला चांगले धरते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलेले आहे. येथे विचारलेला प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: धुणे, वाळवणे, निर्जंतुकीकरण आणि शेवटी कठीण हाडात पिळले जाणे, एवढे सोसून हा थर शाबूत राहतो का, आणि राहिला तर पुढे त्याने किती काळ टिकायला हवे? कोणताही विशिष्ट रुग्ण किंवा विशिष्ट कंपनीचे उत्पादन डोळ्यांसमोर ठेवलेले नाही. प्रसिद्ध संशोधनातून जे पक्के हाती लागते ते, आणि स्क्रूच्या भूमितीवरून साध्या हिशेबाने जे निघते ते, दोन्ही या एका स्क्रूला लावून पाहिले आहे.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेला बरा. शस्त्रक्रियागृहात सोनेरी, निळे, हिरवे असे रंगीत टायटॅनियम स्क्रू सर्रास दिसतात आणि तेही ॲनोडायझिंग केलेलेच, म्हणजे द्रावणात वीज देऊन पृष्ठभागावर ऑक्साइड वाढवलेलेच, असतात. परंतु त्यांच्यावरचा ऑक्साइड सलग आणि घट्ट असतो, त्यात नलिका नसतात आणि त्याचा रंग ही केवळ पातळ थरातून होणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणाची करामत असते. त्या थराच्या टिकाऊपणाचा अनुभव नॅनोनलिकांना लागू करता येत नाही.

थराचे आकर्षण आणि त्यामागचा पुरावा

नलिकांचा व्यास मुख्यतः ॲनोडायझिंगच्या व्होल्टेजवर ठरतो. पाण्यातील सौम्य हायड्रोफ्लुओरिक आम्लात १ ते २० व्होल्ट या पट्ट्यात साधारण १५ ते १०० नॅनोमीटर व्यासाच्या नलिका मिळतात. कोणता व्यास पेशींना मानवतो यावर एकमत नाही. २००७ मध्ये जर्मनीतील एर्लांगेनच्या गटाने १५ नॅनोमीटरच्या आसपासचा व्यास मूलपेशींना सर्वांत अनुकूल आणि १०० नॅनोमीटरचा घातक असल्याचे दाखवले, तर २००९ मध्ये सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाला ७० ते १०० नॅनोमीटरच्या नलिकांवर पेशी लांबट होऊन हाडाच्या पेशींकडे वळताना दिसल्या. या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. एवढेच लक्षात घ्यायचे की व्होल्टेज जीवशास्त्राच्या सोयीने निवडले जाते आणि त्याचे यांत्रिक परिणाम मागाहून पदरी पडतात.

यांत्रिक बाजूने सर्वाधिक उद्धृत होणारा निष्कर्ष २०१० चा आहे. सशाच्या नडगीच्या हाडावर बसवलेल्या टायटॅनियमच्या चकत्या चार आठवड्यांनी ओढून काढल्या, तेव्हा नॅनोनलिका असलेल्या चकत्यांची हाडाशी झालेली पकड, कणांचा मारा करून खडबडीत केलेल्या चकत्यांच्या तुलनेत नऊपटीपर्यंत अधिक आढळली. निष्कर्ष प्रभावी आहे, पण चकती हाडावर ठेवली जाते, पिळली जात नाही. तिच्या थराला बसवताना घर्षण सोसावे लागत नाही आणि शेवटी तिच्यावर येणारा ताण सरळ ओढीचा असतो. स्क्रूच्या नशिबी नेमके उलटे आहे. म्हणून नऊपट हा आकडा माहितीपत्रकात स्क्रूच्या चित्राशेजारी छापलेला दिसला, तर तो चकतीचा आकडा आहे हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

थराच्या तळाशी काय असते

फ्लोराइडयुक्त द्रावणात टायटॅनियमवर नलिका आपोआप ओळीने वाढतात, हे १९९९ मध्ये फ्रेंच संशोधकांनी क्रोमिक आम्ल आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या मिश्रणात दाखवले. आणि त्या पहिल्या कामातही शुद्ध टायटॅनियमच्या जोडीला हाच मिश्रधातू होता. प्रक्रिया म्हणजे दोन क्रियांची चढाओढ असते. विद्युतक्षेत्रामुळे धातूचा ऑक्साइड बनत राहतो आणि फ्लोराइड तोच ऑक्साइड विरघळवत राहते. या ओढाताणीत थराला भोके पडतात, ती खोल जातात आणि नलिका तयार होतात.

नलिकांच्या टिकाऊपणाचा कच्चा दुवा याच प्रक्रियेत जन्माला येतो. वाढत्या ऑक्साइडमधून ऑक्सिजनचे आयन धातूकडे सरकतात, तसे फ्लोराइडचे आयनही सरकतात, आणि जपानमधील होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये मोजले त्याप्रमाणे फ्लोराइडचा वेग ऑक्सिजनच्या जवळपास दुप्पट असतो. परिणामी फ्लोराइड शर्यतीत पुढे निघून धातू आणि ऑक्साइड यांच्या सांध्यावर साचते आणि तिथे काही नॅनोमीटर जाडीचा फ्लोराइडयुक्त पापुद्रा तयार होतो. वरच्या नलिका कितीही सुबक असल्या तरी त्यांचे पाय या कमकुवत पापुद्र्यावर असतात. थर निघतो तेव्हा तो बहुधा येथूनच उकलतो आणि खाली नलिकांच्या बुडांचे गोल ठसे उमटलेली धातू उघडी पडते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे ठसे दिसले की झीज वरून झालेली नाही, पाया सुटला आहे, असे समजावे.

आपल्या स्क्रूत यात आणखी एक अडचण मिसळते. हा मिश्रधातू एकजिनसी नसतो. त्यात अल्फा आणि बीटा अशा दोन प्रावस्थांचे (वेगवेगळ्या स्फटिकरचनांचे) कण शेजारीशेजारी असतात आणि व्हॅनेडियम मुख्यतः बीटात गोळा झालेले असते. व्हॅनेडियमचे ऑक्साइड फ्लोराइडच्या द्रावणात सहज विरघळत असल्याने बीटाच्या जागी नलिका तोकड्या राहतात किंवा वाढतच नाहीत आणि तिथे खळगे पडतात. थर त्यामुळे ठिगळाठिगळांचा होतो. खळग्याचा काठ म्हणजे थराचा उघडा किनारा, आणि कोणताही पातळ थर किनाऱ्यापासून उकलायला लागतो. शिवाय हा मिश्रधातू खाचांबाबत संवेदनशील असल्याने असे खळगे स्क्रूच्या थकवा-बलालाही, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा भार सोसण्याच्या ताकदीलाही, जाचक ठरू शकतात. थराची काळजी करताना खालच्या धातूचा विसर पडणे हा या क्षेत्रातला नेहमीचा दोष आहे. व्हॅनेडियमऐवजी निओबियम असलेला मिश्रधातू निवडल्यास थर अधिक एकसारखा येतो, पण मग कच्चा माल, पुरवठादार आणि मंजुरीची कागदपत्रे हे सगळेच बदलावे लागते.

जाडीचा हिशेब सरळ आहे. थरात अडकलेला ताण तेवढाच धरला, तर थर उकलण्यासाठी उपलब्ध असलेली ऊर्जा जाडीच्या प्रमाणात वाढते. अर्ध्या मायक्रॉनच्या जागी पाच मायक्रॉनचा थर केला की उकलण्याची ओढ दहापट होते, आणि सांध्याची ताकद मात्र होती तिथेच राहते. इथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात जास्त व्होल्टेजवर वाढवलेले लांबलचक नलिकांचे थर पुष्कळदा नुसते वाळतानाच भेगाळून पोपड्यांसारखे सुटतात, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण पाण्याचे पृष्ठताण: नलिकांमधले पाणी आटताना त्यांना एकमेकींकडे ओढते आणि त्यांचे झुपके बनतात. शेवटची धुलाई अल्कोहोलमध्ये केली तर ही ओढ बरीच कमी होते. औषधे भरून ठेवण्यासाठी लांब नलिका हव्यात असा आग्रह धरणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडायला हवा. पाण्यातील हायड्रोफ्लुओरिक आम्लात २० व्होल्टला थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास स्वतःहून थांबतो, ही मर्यादा स्क्रूच्या बाबतीत पथ्यावरच पडते.

पिळण्याचे काही क्षण

आता स्क्रू हाडात जाताना काय होते ते पाहू. ४.५ मिलिमीटरच्या या स्क्रूसाठी ३.२ मिलिमीटरचे छिद्र पाडले जाते, त्यात टॅपने आटे कापले जातात आणि मग स्क्रू फिरवला जातो. आट्यांमधले अंतर १.७५ मिलिमीटर असते आणि बाहेरचा परीघ सुमारे १४ मिलिमीटर. हाडाच्या दांड्यात एका बाजूचे कठीण हाड ५ मिलिमीटर जाड धरले, तर टोकाकडच्या आट्याला ते पार करायला जवळपास तीन फेरे लागतात, म्हणजे तो आटा हाडावर ४ सेंटिमीटर घासत जातो. मधली मज्जेची पोकळी ओलांडून पलीकडच्या भिंतीत पुन्हा तेवढेच. टोकाच्या आट्याचा शेंडा अशा रीतीने कठीण हाडावर ८ सेंटिमीटर घसटून जागेवर पोहोचतो, तर डोक्याजवळचा आटा जेमतेम एखादा फेरा घासतो. एकाच स्क्रूवर थराची अवस्था टोकाकडे वेगळी आणि डोक्याकडे वेगळी असणार, हे यातून उघड होते. आणि बसवून काढलेल्या स्क्रूचे छायाचित्र दाखवणाऱ्याने ते कोणत्या आट्याचे आहे हे सांगितले नसेल, तर त्या छायाचित्राला फारसा अर्थ उरत नाही.

घासताना ताण किती येतो, याचीही वरची मर्यादा काढता येते. कठीण हाड दाबाखाली साधारण २०० मेगापास्कलला चिरडते, त्यामुळे ते आट्यावर याहून फार अधिक दाब देऊ शकत नाही. हाड आणि धातू यांच्यातील घर्षणांक ०.३ धरला, तर थराला समांतर येणारा कातरताण स्थानिक पातळीवर जास्तीत जास्त ६० मेगापास्कलच्या घरात जातो. रक्त आणि मज्जेतील चरबी यांच्या वंगणामुळे प्रत्यक्षात तो कमी असेल; टॅप न वापरता स्वतःच आटे कापणारा स्क्रू असेल, तर टोकापाशी तो या मर्यादेच्या जवळ जाईल. हाड टायटॅनियम डायऑक्साइडहून पुष्कळ मऊ असल्यामुळे ते थराला कोरून काढत नाही. थराला धोका असतो तो या कातरताणाने पाया सुटण्याचा आणि आट्याच्या धारेवर नलिका चेपल्या जाण्याचा. आट्याच्या मुळाशी, खोबणीत बसलेला थर यातून बहुतांशी सुटतो.

स्क्रूच्या डोक्याची गोष्ट निराळी आहे. पेचकस ज्या खाचेत बसतो तिथे आणि डोक्याचा खालचा भाग प्लेटवर टेकतो तिथे धातूशी धातू घासते. या ठिकाणी नॅनोनलिकांचा चुरा होणार हे निश्चित असल्याने तिथे त्या वाढवूच नयेत. ॲनोडायझिंगच्या वेळी डोके झाकून ठेवणे हा या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चाचणी नेमके काय मोजते

इम्प्लांटवरील लेपांच्या पकडीची रूढ चाचणी अशी असते: लेप दिलेल्या चकतीवर इपॉक्सी गोंदाने दुसरी चकती चिकटवायची आणि दोन्ही ताणून लेप किती ताणाला सुटतो ते पाहायचे. प्लाझ्मा फवारणीने (अतितप्त वायूच्या झोताने) दिलेल्या हायड्रॉक्सिॲपेटाइट या हाडातल्यासारख्या खनिजाच्या लेपासाठी आयएसओ १३७७९-२ हे मानक किमान १५ मेगापास्कलची सरासरी पकड मागते. ही पद्धत दहा-वीस ते काहीशे मायक्रॉन जाडीचे लेप समोर ठेवून घडलेली आहे. नॅनोनलिकांवर ती जशीच्या तशी वापरली तर गोंद नळ्यांमध्ये आणि नळ्यांच्या फटींमध्ये उतरतो, पार तळापर्यंत पोहोचू शकतो, आणि मग मोजली जाते ती गोंदाने बांधून काढलेल्या थराची ताकद. खराट्याच्या काड्या वरून मोकळ्या आणि खाली बांधलेल्या असतात; त्यांच्यात डिंक ओतून बांधणीची मजबुती तपासावी, तसा हा प्रकार होतो. पातळ गोंदापेक्षा घट्ट पट्टीच्या रूपातला गोंद वापरणे आणि तुटलेल्या पृष्ठभागाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून गोंद कुठवर गेला हे नोंदवणे, एवढे केल्याशिवाय मेगापास्कलचा आकडा विश्वासार्ह मानू नये. त्यातही ही चाचणी सरळ ओढीची आहे आणि स्क्रूवर येणारा ताण मुख्यतः कातरीचा. १५ मेगापास्कलची पायरी ओलांडली म्हणजे वर काढलेल्या ६० मेगापास्कलसमोर थर उभा राहील असा अर्थ मुळीच होत नाही.

ओरखड्याची चाचणी या बाबतीत थोडी अधिक जवळची आहे. २०० मायक्रॉन त्रिज्येचे हिऱ्याचे टोक वाढत्या भाराखाली थरावरून ओढले जाते आणि कोणत्या भाराला थर सुटू लागतो ते पाहिले जाते. मात्र कडक, घट्ट लेपांसाठी आखलेली ही चाचणी पोकळ थरावर वेगळे वागते. २००७ मध्ये नॅनोनलिकांवर सूक्ष्म टोकाने दाब देऊन केलेल्या मोजणीत थराचा स्थितिस्थापकता गुणांक (कडकपणाचे माप) सुमारे ३६ ते ४३ गिगापास्कल आला आणि टोकाखाली नलिका मोडून दाटत गेल्याचे दिसले. खालच्या टायटॅनियमचा गुणांक ११० गिगापास्कलच्या पुढे असतो. हाडाचा गुणांक दोहोंहून कमी असल्याने हा मधला आकडा स्वागतार्ह वाटतो, पण अर्ध्या मायक्रॉनच्या थराने हाड आणि धातू यांच्यातील कडकपणाची दरी भरून निघते हा दावा मला पटत नाही. तेवढ्या जाडीने भाराच्या वाटणीत काहीच फरक पडत नाही. ओरखड्याच्या चाचणीसाठी यातून निघणारा धडा असा की थर दाटला की सुटला हे भाराच्या आलेखावरून कळत नाही, ओरखड्याच्या तळाकडे पाहावेच लागते.

प्रत्यक्ष हाडात घालून पाहणे हाच सर्वांत सरळ मार्ग. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या गटाने २०१६ मध्ये ३०० नॅनोमीटर आणि सुमारे १ मायक्रॉन अशा दोन लांबींच्या नलिका शुद्ध टायटॅनियमच्या दांड्यांवर वाढवून ते दांडे मृत घोड्याच्या हाडात बसवले, काही नलिकांवर चांदीचे कणही चढवलेले होते, आणि १ मायक्रॉनपर्यंतच्या नलिकांना बसवण्यामुळे म्हणण्यासारखी इजा झाली नाही असा निष्कर्ष काढला. आपल्या स्क्रूसाठी ही दिलासा देणारी बाब आहे. तरीही तो दांडा होता, त्याला आटे नव्हते, आणि धातू शुद्ध टायटॅनियम असल्याने बीटाच्या खळग्यांचा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता. जाडी कमी ठेवण्याच्या धोरणाला या प्रयोगाचा भक्कम आधार मिळतो. मिश्रधातूच्या स्क्रूबद्दलचा निकाल त्यावरून देता येत नाही.

ट्रेमधला प्रवास

आपल्याकडच्या लहान-मध्यम रुग्णालयांत प्लेट आणि स्क्रूंचा अख्खा सेट विक्रेत्याकडून मागवला जातो, त्यातले लागतील तेवढे स्क्रू वापरले जातात आणि उरलेले धुऊन, ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) पुढच्या शस्त्रक्रियेसाठी जातात. एखादा कमी लागणाऱ्या लांबीचा स्क्रू या फेऱ्यांतून अनेकदा जातो, ट्रेमध्ये शेजारच्या स्क्रूंवर आदळतो, ब्रशने घासला जातो, अल्ट्रासॉनिक टाकीत बुडतो. साध्या स्क्रूला हे चालून जाते. ॲनोडायझिंगनंतर भट्टीत न तापवलेल्या नलिका अस्फटिकी असतात आणि त्यांना पाणीच सोसत नाही: २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार नुसत्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला ठेवल्या तरी त्या हळूहळू विरघळून पुन्हा घट्ट होतात आणि नलिकांऐवजी कणांचा थर उरतो. वाफेच्या निर्जंतुकीकरणात हेच फार झपाट्याने होईल. त्यामुळे हा स्क्रू कारखान्यातच गॅमा किरणांनी निर्जंतुक करून एकेका वेष्टनात द्यावा आणि उघडल्यावर न वापरल्यास बाद करावा, याला पर्याय दिसत नाही. सेटच्या व्यवहारात हे महाग पडते, आणि या थराचा प्रसार अडणार असेल तर माझ्या मते तो प्रयोगशाळेपेक्षा येथे अडेल.

उपाय आणि त्यांची मर्यादा

साधारण ४५० अंश सेल्सिअसला तापवल्यावर अस्फटिकी ऑक्साइडचे ॲनाटेज या प्रकारच्या स्फटिकात रूपांतर होते, फ्लोराइडचा बराचसा भाग निघून जातो आणि पाया सुधारतो. तापमान आणखी चढवले तर तळापासून रुटाइल हा दुसरा स्फटिकप्रकार वाढू लागतो आणि नलिका ढासळतात. मिश्रधातूच्या बलाला ४५० अंशांनी विशेष बाधा येत नाही, म्हणून ही पायरी गाळण्याचे काहीच कारण नाही.

फ्लोराइडच्या पापुद्र्यावर थेट इलाजही आहे. नलिका तयार झाल्यावर तोच तुकडा फ्लोराइड नसलेल्या द्रावणात पुन्हा ॲनोडायझ केला की नलिकांच्या बुडाखाली घट्ट, सलग ऑक्साइड वाढतो आणि पकड लक्षणीय वाढते. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी ही पद्धत मांडली. तिसरा उपाय रचनेतला आहे. आधी पृष्ठभाग आम्लाने काही मायक्रॉन खडबडीत करून त्यावर नलिका वाढवल्या, तर घासताना उंचवट्यांवरच्या नलिका बळी जातात आणि खोलगटातल्या वाचतात. थर शंभर टक्के वाचवण्याचा हट्ट सोडून, कुठला भाग गेला तरी चालेल हे आधीच ठरवण्याची ही रीत मला अधिक शहाणपणाची वाटते.

हाडात बसल्यानंतरचा ताण त्या मानाने सौम्य आहे. स्क्रूच्या पृष्ठभागावर वाकण्याचा ३०० मेगापास्कल ताण आला, तरी धातू सुमारे ०.२६ टक्केच ताणला जातो. सलग ऑक्साइडला एवढ्या ताणाच्या असंख्य आवर्तनांत भेगा पडू शकतात; सुट्या नलिका मात्र एकमेकींपासून किंचित दूर सरकून तो पचवतात. मोडलेले हाड जुळेपर्यंतचे काही महिने हा स्क्रूचा खरा कार्यकाळ असतो आणि नलिकांचे काम त्यातही पहिल्या काही आठवड्यांत, हाड पृष्ठभागाला धरते तोवरच असते. वीस वर्षे राहणाऱ्या कृत्रिम खुब्याच्या दांड्याला ही सूट नाही, आणि म्हणून या अभ्यासातले निष्कर्ष तिकडे न्यायचे झाल्यास थकव्याचा भाग नव्याने तपासावा लागेल.

थर सुटलाच तर किती द्रव्य सुटेल? स्क्रूचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर, थर अर्धा मायक्रॉन आणि निम्मी पोकळी धरली, तर सगळा थर मिळून सुमारे ०.६ मिलिग्रॅम भरतो. वजन नगण्य आहे. पण तेवढ्याच द्रव्याचे एकेक मायक्रॉनचे कण झाले तर ते १५ कोटींच्या घरात जातात, आणि भक्षक पेशी ज्यांना गिळून दाह सुरू करतात ते कण नेमके याच आकाराचे असतात. म्हणून थर किती सुटला याइतकेच तो कोणत्या आकारात सुटला हेही नोंदवले पाहिजे: स्क्रू बसवून काढल्यावर छिद्रातला चुरा गोळा करणे, हाड विरघळवणे आणि गाळणीवर उरलेले तुकडे मोजणे हे काम किचकट असले, तरी चाचणीच्या आराखड्यात ते असायला हवे.

राहता राहिला स्क्रू काढण्याचा प्रसंग. हाड जुळल्यावर धातू काढून टाका असा आग्रह धरणारे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत, आणि साधे टायटॅनियमचे स्क्रूसुद्धा हाडाने धरल्यामुळे काढताना डोक्याची खाच घसरून शल्यचिकित्सकाचा घाम काढतात. नलिकांमुळे ही पकड वाढली तर सोडवण्याचे बलही वाढेल, आणि त्या वेळी थराचा पाया सुटून नलिका हाडातच मागे राहिल्या, तर जखम बंद होण्याआधी त्या छिद्राची सफाई करावी लागेल. तात्पुरत्या कामाचा स्क्रू असेल तर हा थर द्यावाच का, याचे उत्तर ज्याच्या हाडात तो जाणार आहे त्याचे वय, हाडाचा ठिसूळपणा आणि स्क्रू पुढे काढायचा आहे की नाही, या तीन गोष्टी विचारल्याशिवाय देता येत नाही.